जावेच्या वाटच्या दोन भाकरी

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) भर दुपारी, अंबड तालुक्यातल्या एका गावात, मी दोन जावांचा समेट खाऊन टाकला. दोन भाकरींचा होता तो. वर शेंगदाण्याची चटणी.

निघताना हेतू चांगला होता. ऑफिसातला जुना सोबती शमुवेल म्हणाला होता, "आमच्या उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) एकदा गावी जाऊन बघ. आई आहे तिथं." मी म्हटलं, उपासाचं तू आम्हाला काय शिकवतोस? आणि डबाभर साबुदाण्याची खिचडी घेऊन गुरुवारी पहाटे पुण्याहून निघालो.

जालन्याच्या स्टेशनवर उतरलो तेव्हाच अर्धा संपलो होतो. मग रिक्षा, एसटी आणि शेवटी जीप. जीपमध्ये कुणाच्या तरी सरकी-पेंडीचं पोतं माझ्या मांडीवर होतं आणि त्याचा मालक निवांत झोपला होता. दोन्ही बाजूंना उपटलेल्या पऱ्हाट्यांचे (वाळक्या कपाशीचे) ढीग. उद्या माझा कडक उपास आहे, हे मी ड्रायव्हरला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, आणि पेंडीचा मालक जागा झाल्यावर त्यालाही.

शमुवेलची आई, राहेलबाई, सत्तरीच्या. दारातच उभ्या होत्या. डबा उघडून म्हणाल्या, "हे काय?"

"उपासाचं."

"उपासाचं असतंय का काही खायला?" त्यांनी झाकण लावलं. "आमच्यात तीन वाजेपर्यंत नुसतं पाणी. ऱ्हाऊ द्या डबा तुमच्यापाशी. झेपलं न्हाई तर खा. देव छडी घेऊन बसला न्हाई."

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, आम्हाला पाहून पुन्हा आत गेल्या.

"माझी जाऊ, मार्था," राहेलबाई म्हणाल्या. "शमूच्या लग्नात तिच्यासाठी काढलेली आहेराची साडी दुसरीला गेली. नऊ वर्षं झाली, बोलणं बंद. हे चाळीस दिवस मी त्याच्यासाठीच धरून राह्यले. उद्या तीनला जाणार हाये तिच्या दारात." मग हळूच, "पाय उचलला तर."

शुक्रवारी सकाळी त्यांनी खोबरेल तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली. "तोंड धुवा, भांग पाडा. उपाशी माणसानं उपाशी दिसू न्हाई."

बाराला चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली. पत्र्याचं छप्पर, दोन पंखे, त्यातला एक पाळकसाहेबांच्या (धर्मगुरूंच्या) डोक्यावर. पहिलं प्रवचन मी ऐकलं. दुसऱ्याला पाळकसाहेब दोन दिसायला लागले. भिंती धरत घरी आलो आणि डबा उघडला. खिचडी आंबली होती. शेजारी पांढऱ्या फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं. मनात म्हटलं, बाई किती जाणत्या! पाहुण्यासाठी सोय करून ठेवली. खाल्लं, पाणी प्यालो, आडवा झालो.

तीनला राहेलबाई आल्या. फडकं उचललं. हलकं लागलं.

"भाऊ, ह्याच्यातलं?"

माझ्या मिशीला चटणी होती.

त्या मटकन खाली बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमच्या मंडळीत आपण सोडलेलं जेवण दुसऱ्याला न्यायचं असतंय," त्या म्हणाल्या. "ज्याच्याशी बोलणं बंद, त्याला आधी. ती माझी आजची भाकर होती, भाऊ. तिच्यासाठी सोडल्ती."

"मी दुसरं पीठ मळून देतो."

"ते काय माझं सोडलेलं हाये का? आन् मोकळ्या हातानं कशी जाऊ मी?"

त्या उठेनात. शेवटी मीच ते फडकं घेऊन गल्ली ओलांडली. दहा पावलं असतील. त्या उन्हात आणि त्या लाजेत ती पुण्यापेक्षा लांब वाटली. मार्थाबाई गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. चटणीसकट.

त्यांनी फडकं उलटसुलट करून पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि थेट राहेलबाईंच्या उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"साडी गेली दुसरीला. आता भाकर बी?"

राहेलबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "मी न्हाई दिली, मार्था. ह्यांनी खाल्ली. विचारलं बी न्हाई."

"दिसायला तर शिकलेले हायेत."

"तेच म्हन्ते मी."

पुढचा अर्धा तास दोघींनी मिळून माझा समाचार घेतला. तेवढ्यात चूल पेटली. एकीनं भाकरी थापल्या, दुसरीनं भाजल्या. नऊ वर्षांचं काही निघालंच नाही. माझ्यावरच इतकं बोलण्यासारखं होतं. साडीचा विषय जेवताना निघाला, तेव्हा मात्र दोघी रडल्या आणि मी बाहेर ओट्यावर गेलो. मला कुणी वाढलं नाही.

शनिवारी परत निघालो. पाय सुजलेले, डोकं जड, डब्याला आंबूस वास. जीपची वाट बघताना मनात एक विचार घोळत होता. मी आयुष्यभर उपासाला काय चालतं ते विचारत आलो. या बाईनं चाळीस दिवस एकाच दारात जायचं बळ मागितलं होतं. आणि त्या दारात आधी गेलं कोण, तर मी. म्हणजे माझ्या हातून थोडं चांगलंही घडलं म्हणायचं.

जीप आली. मार्थाबाईंनी माझ्या हातात दोन भाकरी दिल्या. मी अदबीनं म्हटलं, "कुणास ठाऊक, ती भाकर मी खावी अशी देवाचीच योजना असेल."

"देवाच्या नावावर घालू नका," मार्थाबाई म्हणाल्या. "भूक लागल्ती, म्हून खाल्लं."