एका घरात चुली किती

आमच्या संस्थेत दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक आकडे आणणारी आणि दुसरी त्या आकड्यांवर संशय घेणारी. मी पहिल्यांतली. काय पिकवता, काय खाता, जमीन किती उरली, पोरगा कुठल्या कंपनीत लागला, असं मावळातल्या गावागावांतून लोकांना विचारत फिरण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि मला त्याचा जराही पस्तावा नाही. मुख्य कचेरी पुण्याला. आमची शाखा लोणावळ्याच्या बाजारात, एका अरुंद जिन्याच्या वर, दोन खोल्यांत. शनिवार-रविवारी खाली पर्यटकांच्या गाड्या हॉर्न बडवत असतात आणि वर आम्ही ग्रामीण अर्थव्यवस्थेचा अभ्यास करत असतो. नातेवाईक विचारतात, म्हणजे नक्की करता काय गं तुम्ही? मी सांगते, शितावरून भाताची परीक्षा. फक्त शीत कुठलं उचलायचं ते आम्ही ठरवत नाही, चिठ्ठी ठरवते. आणि एकदा उचललेलं शीत आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही.

आमच्या पाहणीत कुटुंब म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. आता चुलीच्या जागी गॅस आला, पण शब्द चूलच. एका छपराखाली तीन चुली पेटत असतील तर आमच्या लेखी तीन कुटुंबं. नव्या मुलामुलींना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते, कारण लबाडीही इथेच होते. दिवसाला ठरलेली कुटुंबं पुरी करायची असतात. ऊन वाढलं की एखाद्याला बुद्धी सुचते, एकाच घराची दोन घरं दाखवायची आणि दुसऱ्याची उत्तरं झाडाखाली बसून टॅबमध्ये आपणच भरायची. असल्यांना मी हाताला धरून घरी पाठवलंय. एकदा ते नाव लागलं की संपलं. या कामातली माणसं मोजकी, सगळ्या संस्थांना सगळे ठाऊक. खोटे आकडे भरणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात ते नाव आमच्या बेडशाच्या पोरीला लागायची वेळ आली.

पोरगी बेडशाची, अर्थशास्त्रात एम. ए. झालेली. आवाज हळू, चाल भरभर. लोक तिच्याशी बोलत. मला बढाई मारायची सवय आहे, तरी सांगते, माझ्यानंतर मावळात असं काम तिनंच केलंय. तिच्यावर बोट ठेवलं ते पुण्याहून आलेल्या आमच्या नव्या साहेबानं. वयानं माझ्या मुलाएवढा, पीएच. डी. केलेला, म्हणून आम्ही त्याला डॉक्टर म्हणायचो. गावात मी तशी ओळख करून दिली की बायका बीपीच्या गोळ्या दाखवायला घेऊन यायच्या. बिचारा गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून परत द्यायचा. माणूस सरळ, पण संशय घेणं हाच त्याचा पगार.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वडिवळ्यातलं एक घर मागच्या फेरीत एकच कुटुंब होतं, मुलगा, सून, नातू आणि आई. या फेरीत पोरीनं दोन दाखवली, दुसऱ्यात म्हातारी एकटी. कचेरीतून फोन केला तर मुलगा म्हणाला, एकच चूल आहे. डॉक्टरनं पोरीला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, "मी लिहिलंय ते खरं आहे." पुढे एक शब्द नाही.

मला असला संताप आला. "अगं, तोंडाला कुलूप लावलंयस का?" मी म्हटलं. "म्हातारी काय म्हणाली, तू चूल बघितलीस का, काहीतरी सांग की." ती खाली बघत राहिली. माझा तिच्यावर विश्वास होता, पण विश्वास टॅबमध्ये भरता येत नाही. डॉक्टर म्हणाला, सोमवारी पुण्याला कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा, पण त्याआधी माझ्याबरोबर वडिवळ्याला चला.

फेरतपासणीचा नियम कडक असतो. आधी गेलेली व्यक्ती बरोबर न्यायची नाही आणि घरच्यांना उत्तर सुचवायचं नाही. या उत्तरावर एका मुलीचं पोट आहे, असं तर मुळीच सांगायचं नाही. हा नियम मीच दहा जणांकडून घोकून घेतलेला, त्यामुळे मोडायचीही सोय नाही.

कामशेतहून आम्ही वडिवळ्याला पोचलो तेव्हा भाताची झोडणी उरकली होती आणि अंगणात पेंढा रचलेला होता. मुलगा ओट्यावर होता. तळेगावच्या कंपनीत जातो, त्या दिवशी सुट्टी होती. म्हातारी भिंतीला टेकून वालाच्या शेंगा सोलत होती. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले आणि शेवटी म्हटलं, "भाऊ, घरात चुली किती?"

"एकच की, ताई. फोनवर सांगितलं न्हाई का? आई आमच्यातच हाय."

मी म्हातारीकडे वळले. "मावशी, तुम्ही सांगा."

तिनं मुलाकडे बघितलं आणि शेंगा सोलत राहिली. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत विजय वगैरे नव्हता, उलट वाईटच वाटत होतं त्याला. मला तेही सहन झालं नाही. माझ्या पोरीबद्दल वाईट वाटून घ्यायची वेळ अजून यायची होती.

मी पाय पसरून ऐसपैस बसले आणि म्हटलं, "मावशी, चहा पाजा की."

मुलानं लगेच आत हाक दिली, "अगं, चहा टाक."

"सूनबाईंच्या हातचा पुढच्या वेळी पिऊ," मी म्हटलं. "आज मावशींच्या हातचा."

चहा मागायला कुठल्याच नियमात बंदी नाही. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. स्वयंपाकघराचं दार तिच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर. तिथे ती क्षणभर थांबली. मग दारावरून पुढे गेली आणि घराला वळसा घालून मागे दिसेनाशी झाली. डॉक्टर उठायला लागला तसा मी त्याला बाहीला धरून खाली बसवलं. मुलगा अंगणाकडे बघत होता.

"मावशी, येऊ का मदतीला?" मी मोठ्यानं विचारलं.

"या की," मागून आवाज आला.

पाठीमागे पत्र्याचा आडोसा होता. मातीची चूल, चहा-साखरेचे डबे, तांदळाची पिशवी, एक तवा, एक ताट. सगळं घासूनपुसून, हाताला येईल असं मांडलेलं. तिनं काटक्या सारल्या आणि फुंकर घातली. मी काहीच विचारलं नाही. तीच बोलली.

"सून वाईट न्हाई. लय वेळा बोलवती जेवाय. पर मला माझ्या हातचं ग्वाड लागतं. मनात यील तवा चूल पेटवायची, मनात यील ते रांधायचं. आता तरी मनासारखं नगं व्हय?" तिनं पातेल्यात साखर टाकली. "ह्येला लाज वाटती. लोक म्हंतील, पोरगा आईला घालत न्हाई."

घरोघरी मातीच्या चुली असं आपण म्हणतो. पण म्हातारपणी एक चूल आपली असावी एवढंच मागणाऱ्या बाईला तेही चोरून करावं लागतं, याचा मला भयंकर राग आला. आणि तितकीच ती आवडली.

चहा घेऊन तीच पुढे आली. डॉक्टरला दिला, मला दिला, मग मुलासमोर कप धरला. तो घेईना.

"घे," ती म्हणाली. "किती दिसात न्हाई पिलास माझ्या हातचा."

त्यानं कप घेतला. सून दारात येऊन उभी राहिली होती. चहा संपल्यावर मुलानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दोन लिवा, ताई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आलं म्हणजे आलंच. डॉक्टरनं दोन लिहिल्या.

निघताना म्हातारी फाटकापर्यंत आली. "आदी एक पोरगी आलती, ती कुटं हाय?"

"कचेरीत आहे."

"हितलं समदं तिनं सांगितलं व्हय तुमाला?"

"एक अक्षर नाही, मावशी."

"मंग बरी हाय," ती म्हणाली. "मी तिला म्हनले व्हते, तू लिव, पर माझं नाव घिऊन ह्येला इचाराय कुणाला धाडू नगंस. शबूद दिलता तिनं."

लोणावळ्याला परतल्यावर डॉक्टर जिना चढला तो सरळ पोरीच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. "माझी चूक झाली," तो म्हणाला. मला ते आवडलं, घुटमळला नाही. मग म्हणाला, "पण तुम्ही मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्या मुलालाच विचारायला गेला असता," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू. "'तुम्ही सांगाल ते तुमच्या घरच्यांनाही कळणार नाही', हे मी प्रत्येक घरात बसल्या बसल्या आधी वाचून दाखवते, सर. आपल्याच प्रश्नावलीतलं वाक्य आहे ते."

डॉक्टरनं समोरची खुर्ची ओढली आणि बसला. मी स्वतः ते वाक्य कित्येक वर्षं वाचत आलेय.

मग ती माझ्याकडे वळली. "ताई, मावशींना त्यांचा मुलगा काही बोलला का?"

नोकरी जाता जाता राहिली होती, नाव जाता जाता राहिलं होतं, आणि पोरगी विचारतेय काय तर हे.

"नाही गं," मी म्हटलं. "त्यांच्या हातचा चहा प्यायला."

तेव्हा कुठे ती रडली.