बापाचे खिळे

माझ्या दाजींना पोहता येत नव्हतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढली, पण गळ्याएवढ्या पाण्यातही कधी उतरले नाहीत. कोणी चेष्टा केली की म्हणायचे, "पोहता आलं की माणूस होडी लवकर सोडतो. मला सोडायची नाही." आता हे आठवलं की मला त्यांचा राग येतो आणि लगेच स्वतःचा येतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बुटके, रुंद, चालताना किंचित डावीकडे कलणारे. दोऱ्यांनी बोटं इतकी जाड झालेली की काडेपेटीतून एक काडी काढायला गेले तर चार बाहेर यायच्या. बोलायला मात्र लोणी. कधी कोणाला दुखावून बोलले नाहीत, म्हणून मालकांनी त्यांना वर्षानुवर्षं राबवून घेतलं. मी त्यांच्या अगदी उलट. मी होड्यांचा सुतार, धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं काम चालतं. नावं ठेवण्यात माझा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही. कोणाची फळी सूतभर चुकलेली दिसली, की ती माझ्या बापाची असो नाहीतर परक्याची, मी बोलून मोकळा होतो. धक्क्यावर म्हणायचेच, मिस्त्री गप्प बसला म्हणजे एक तर काम चोख आहे, नाहीतर मिस्त्री मेलाय.

माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून रविवारचं जेवण ताईकडे. मी जाऊन स्वयंपाकाला नावं ठेवायची, ताईने "मग उद्यापासून तूच रांध" म्हणायचं आणि दाजींनी गालातल्या गालात हसत मला आणखी वाढायचं, असा आमचा रिवाज होता.

चोपन्नाव्या वर्षी दाजींनी स्वतःची होडी घेतली. बावीस फुटी, लाकडी, बर्फाच्या कारखान्यामागे सहा वर्षं उलटी पडलेली. ट्रेलरवर घालून घराशेजारच्या मोकळ्या जागेत आणली आणि ओंडक्यांवर चढवली. मला मुद्दाम बोलावणं पाठवलं. ताई दारात उभी होती. मी हातोडीने तळ ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. चार फळ्या भद्द वाजल्या.

"चार मेल्यात," मी म्हणालो. "बाकीच्या म्हाताऱ्या झाल्यात. दाजी, होडी कुठली, सरपण आणलंत तुम्ही."

ताई खळखळून हसली. ती हसली नसती तर दाजींनी नेहमीसारखं गिळलं असतं. पण जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं म्हणून काही दारात आणलं होतं, आणि बायको त्यावर हसली. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "मेव्हणे, या होडीला तुमचा हात लागणार नाही. हात नाही आणि तोंडही नाही."

"नाही लावत," मी म्हणालो आणि हातोडी पिशवीत टाकून निघालो.

मग आठ महिने मी रोज त्या होडीवरून शेडकडे गेलो आणि रोज गप्प राहिलो. गप्प राहणं मला जड गेलं, पण हट्ट त्याहून जड होता. दाजी कामावरून आले की चहाचा घोट घेऊन लगेच होडीला भिडायचे. आधी रंग खरवडला. वरचा निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा, म्हणजे होडीने तीन मालक पाहिलेले. कुजलेल्या चार फळ्या काढल्या आणि त्या मापाच्या नव्या तासल्या. मी वाट पाहत होतो त्या चुकायची. चुकल्या नाहीत. सांध्यांत कापसाची वळी ठोकली, ती ना सैल ना गच्च. गच्च ठोकली तर लाकूड पाण्यात फुगल्यावर फळ्या एकमेकींना रेटून बरगड्या मोडतात, हे भल्याभल्यांना कळत नाही. दाजींना कळलं होतं. राळ उकळायला त्यांनी ताईचं मोठं पातेलं नेलं आणि ताईने आठवडाभर अबोला धरला.

मोडीत निघालेल्या पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवलं. बसायला एका भंगार मिनीबसची सीट आणली, तिच्यावर अजून आसन क्रमांक होता. ताईचा राग गेल्यावर तिने त्या सीटला अभ्रा शिवला. सुकाणूशेजारी थर्मास अडकवायला एक खुंटी आणि तरंगायचं जॅकेट अडकवायला दुसरी. जॅकेटवर ताई अडून बसली होती. "पोहता येत नाही तर हे तरी घाला," म्हणाली. "खुंटीवर राहील, लागलं की घालीन," म्हणाले. होडीला नाव काय द्यायचं यावरही वाद झाला. दाजींना तिचंच नाव घालायचं होतं. ताई म्हणाली, "नको बाई, उद्या बुडाली तर लोक म्हणतील हिनेच बुडवली." शेवटी होडी बिननावाचीच राहिली.

आणि ते खिळे.

फळ्या ठोकायची वेळ आली त्या दिवशी दाजींनी मला रस्त्यावरून हाक मारली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी थांबलो. त्यांच्या हातात दूध पावडरीचा जुना डबा होता, झाकण घट्ट बसावं म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी लावलेली. आत तांब्याचे खिळे. दाजींच्या वडिलांची एक होडी होती. दाजी अकरा वर्षांचे असताना ती विकायच्याही लायकीची राहिली नाही, तेव्हा वडिलांनी ती मोडली आणि एकेक खिळा उपसून, रुळाच्या तुकड्यावर ठोकून सरळ करून या डब्यात ठेवला. म्हणाले होते, तुझी होडी होईल तेव्हा लागतील. दाजींनी हा डबा तीन भाड्याच्या घरांतून बरोबर नेला होता.

"बघा मेव्हणे," दाजी म्हणाले. "बापाचे खिळे."

मी एक खिळा हातात घेतला. चौकोनी, जड, डोक्यावर हातोडीच्या खुणा. त्यांनी पहिल्या नव्या फळीला सात-आठ ठोकून आतून वळवलेही होते. काम सुंदर होतं. आणि होडीचे बाकीचे सगळे खिळे लोखंडी होते.

हे इथे नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यात आहे. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एका होडीत नांदत नाहीत. पाण्याखाली दोन्ही जवळजवळ आले की तांब्याला काही होत नाही, ते लोखंडाला खातं. बाहेरून दिसत नाही. खिळ्याचं डोकं जागेवर असतं आणि फळीच्या आत त्याची सुई होत जाते. सुताराच्या हाताखाली पहिल्या वर्षी जे शिकतात त्यात हे येतं. जाळी ओढणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार? त्याच्या लेखी तांबं म्हणजे सर्वांत चांगलं, कधी न गंजणारं. आपल्या होडीला सर्वांत चांगलं ते द्यावं, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याच जिभेने सरपण म्हटलं म्हणून दाजींनी मला चार महिने तोंड बंद ठेवायला लावलं होतं ना? मनात म्हटलं, गळू दे की एकदा. वर्षभरात पाणी भरायला लागेल, मग येतील माझ्या शेडमध्ये डोकं खाजवत. तेव्हा सांगीन, आणि ताईसमोर सांगीन. मी खिळा परत डब्यात टाकला, मान हलवली आणि निघालो.

होडी गळली नाही. तिथेच माझा हिशेब फसला. दाजींनी सांधे इतके नीट भरले होते, आणि लाकूड फुगून असं बसलं होतं, की पहिल्या वर्षी तिच्यात वाटीभरही पाणी आलं नाही. दाजी एकटे जायचे, सकाळी निघून दुपारी परत. पहिल्याच महिन्यात माझ्या दारात मासे घेऊन उभे राहिले. "हे सरपण पोहतं बरं का," म्हणाले. मीही हसलो. भांडण मिटलं. रविवार परत सुरू झाले.

आता सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण आता सांगायचं म्हणजे तेव्हा माहीत होतं हेही सांगायचं. दर रविवारी ठरवून जायचो. ताई वाढायची, दाजी त्या आठवड्याची गंमत सांगायचे, आणि मी पुढच्या रविवारवर ढकलायचो. चाळीस-पन्नास रविवार असे गेले असतील. मी भित्रा आहे हे मला त्या वयात कळलं.

दुसऱ्या वर्षी मी आडून आडून म्हणालो, "दाजी, होडी एकदा वर काढू या. तळ बघतो."

"थेंब येत नाही हो आत. उगाच धंद्याचे चार दिवस मोडायचे."

"तरी पण."

"पुढच्या महिन्यात काढू. तुमच्या समाधानासाठी."

त्या पुढच्या महिन्यात मी पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी, एका सकाळी अकराच्या सुमाराला, दाजी परतत होते. वारा एकीकडून, प्रवाह दुसरीकडून, पाणी खवळलेलं, पण रोजचं म्हणावं इतपतच. मागून येणाऱ्या एका मोठ्या होडीवरच्या माणसांनी पाहिलं. ते म्हणाले, चालत होती आणि एकदम पुढून खाली बसली. हाक मारण्याएवढाही वेळ गेला नाही. इंजिनाच्या वजनाने तळाला गेली. दाजी दोन दिवसांनी मिळाले.

चौथ्या दिवशी दोन होड्यांनी मिळून ती वर काढली आणि माझ्या शेडसमोर आणून ठेवली. दुसरीकडे कुठे ठेवणार? थर्मास गेला होता. सीट होती. जॅकेट खुंटीला तसंच लटकत होतं, त्याच्या पट्ट्यांची गाठ दुकानदाराने बांधलेली, एकदाही न सोडलेली.

मी तळाखाली शिरलो. नव्या चारही फळ्या जागच्या जागी होत्या. तांब्याचे खिळे हिरवे पडलेले, पण खरवडले तर आत लालभडक. त्यांच्या शेजारची जुनी फळी पुढच्या टोकापासून हातभर उघडली होती. तिचा एक खिळा मी चिमटीत धरला आणि तो चिमटीतच मोडला. मी तिथेच, चिखलात, होडीखाली बसून राहिलो.

ताई दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आली. इतक्या वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती. हातात तो डबा होता. वाकून तिने तळ पाहिला, मग मला विचारलं, "त्यांचं काय चुकलं ते सांग. लोक म्हणताहेत स्वतःच्या हाताने केलेली होडी, कच्चीच असणार. तू खरं सांग."

"त्यांनी लावलेली एकही फळी हललेली नाही," मी म्हणालो. "मीही याहून चांगल्या लावल्या नसत्या."

तिने एका तांब्याच्या खिळ्यावरून बोट फिरवलं. "मला ठाऊक होतंच. हे खिळे तू पाहिलेस ना, त्या दिवशी केवढे खुशीत घरी आले होते. म्हणाले, मेव्हण्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि एक शब्द बोलले नाहीत. मेव्हणे बोलले नाहीत म्हणजे पास झालो. कधी नव्हे ते दोन घास जास्त जेवले." तिने खिळ्यावरचं बोट उचललं. "म्हणजे खिळ्यांत तर काही खोट नव्हती."

तिला नुसतं "नव्हती" म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं, खिळे खरंच उत्तम होते. जुनी होडी, जुनं लोखंड, नशीब, असं म्हणून तिला घरी पोचवून आलो असतो आणि रविवारी जेवायला गेलो असतो.

मी तिला सांगितलं. तांबं लोखंडाला खातं, ते पाहताक्षणी मला कळलं होतं, आणि दाजी माझ्या दारात यावेत म्हणून मी बोललो नाही. माझं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "सांगायला किती वेळ लागला असता?"

"आत्ता लागला तेवढाच," मी म्हणालो.

तिने डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मी पक्कड घेऊन तळाखाली गेलो. बापाचे खिळे वळवून पक्के केलेले होते, एकेकाला वेळ लागत होता. ती उभी राहिली. संध्याकाळपर्यंत सगळे निघाले. मी ते सरळ करायला शेडमधल्या रुळाच्या तुकड्याकडे वळलो, तर म्हणाली, "राहू दे. तुझा हात नको." वाकडे खिळे तसेच डब्यात भरून ती घरी गेली. तिच्या घरावरूनच माझा रस्ता जातो. दार उघडं असतं. मी रोज जातो, आणि ती मला हाक मारत नाही.