डब्याला उठवणारी डिस्क

आमच्या शेजारच्या काकांच्या मते या जगात जे काही बिघडतं, ते तापल्यामुळेच बिघडतं. दूध, मोटर, माणूस, संसार, कशाचाही अपवाद नाही. त्यांची उभी नोकरी गावोगावचं दूध गोळा करून थंड करण्याच्या केंद्रात गेली. निवृत्त झाल्यावर केंद्र सुटलं, पण थंड करणं काही सुटलं नाही. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत ते कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी उलट्या हाताने काहीतरी चाचपून बघत. फ्रीजची मागची बाजू, विजेचं मीटर, दारातली मोटरसायकल, पाळण्यातलं मूल. एकदा बांधाच्या वादावरून एक दूरचे नातेवाईक आमच्या घरी येऊन बाबांवर आवाज चढवत होते. काका आले, पाहुण्यांच्या कपाळाला उलटा हात लावला आणि म्हणाले, "पावणं, लई तापलायसा. आधी पाणी प्या." पाहुणे इतके गोंधळले, की खरंच पाणी प्याले, आणि मग आपण कुठपर्यंत भांडलो होतो हे त्यांना आठवेना.

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तसा ते दुधाचा थर्मामीटर ठेवत. काकूंनी चहा दिला की आधी कांडी कपात बुडायची आणि आकडा पसंत पडला तरच चहा पोटात जायचा. काकू म्हणत, "माझ्या सासूनं जेवढा छळ केला न्हाय, तेवढा ह्या काचंच्या कांडीनं केला." काका यावर चिडत नसत. चिडणं म्हणजे तापणं.

माझं त्यांच्याशी जमलं ते एका गैरसमजातून. मी इंग्रजी शाळेतली. वर्गात इंग्रजी बोलायला लाजायची आणि गल्लीत मराठी. इतरांना ते शिष्टपणाचं वाटे. काकांनी मात्र त्याचा निराळाच अर्थ लावला. "ही बोलत न्हाय, म्हंजे तापत न्हाय," ते बाबांना म्हणाले. "असं माणूस मशीनजवळ पायजे." मी पुढे कॉम्प्युटरच्या डिग्रीला गेले, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला.

त्या साली पंचगंगेचं पाणी गल्लीच्या खालच्या अंगाला शिरलं. ते ओसरल्यावर लोकांनी गाद्या, धान्य आणि लग्नाचे अल्बम असं सगळं एकत्रच उन्हात काढलं. काका गल्लीभर ओरडत फिरले, "फोटो उन्हात टाकू नका! माणसं वाकडी हुतील!" मग त्यांनी आपल्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दोऱ्या बांधल्या, पंखा लावला आणि सगळ्या गल्लीचे फोटो चिमट्यांनी सावलीत वाळत घातले. काही दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं तर कुणाच्या हळदीखालून, कुणाच्या बारशाखालून वाकूनच जावं लागे. एवढं करूनही बरेच फोटो सुकता सुकताच विटायला लागले, काही हातात सोलून यायला लागले. तेव्हा काका माझ्याकडे आले. मी त्यांना स्कॅनर चालवायला शिकवलं, आणि ते सगळे फोटो एका डब्यात गेले.

डबा हा काकांचाच शब्द. एका जुन्या कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या खोक्यात आम्ही दोन मोठ्या डिस्क बसवल्या होत्या. दोन्हींत तेच फोटो, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहावी. तिसरी एक छोटी, भंगारातून आणलेली डिस्क होती. तिच्यात फोटो नव्हते. वीज आल्यावर डब्याने कसं उठायचं, कुणाला हाक मारायची, एवढंच तिला माहीत होतं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "म्हंजे घरात पयली उठणारी बाई."

"व्हय," काकू आतून म्हणाल्या. "तिची चौकशी कोण करत न्हाय. ती पडली की मग समजतंय."

ती मे महिन्यात पडली. लोडशेडिंगचे दिवस होते. डबा बॅटरीवर चालत राही, पण सोप्यातला पंखा बंद, त्यामुळे तो तापे. एका दुपारी काका आमच्या दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या कपाळाला कुणीतरी हात लावायला हवा असं मला पहिल्यांदाच वाटलं. "उठंना झालाय," एवढंच म्हणाले.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. सगळ्यांत आधी आक्का आल्या. आक्का कोपऱ्यावरच्या घरातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि पुढच्या आठवड्यात मुलीचं लग्न होतं. नवऱ्याचा एकच बरा फोटो होता, नव्या स्कूटरला टेकून हसतानाचा. पुरात तो फ्रेमच्या काचेला चिकटला आणि काढताना त्याचा चेहरा काचेवरच राहिला. मात्र त्याआधीच काकांनी तो काचेसकट स्कॅन केला होता. तो फोटो मोठा करून मांडवात खुर्चीवर ठेवायचा, असं आक्कांच्या मनात होतं.

"आमचं मालक हायत न्हवं आत?" त्यांनी विचारलं.

"हायत," काका म्हणाले. "झोपल्यात. उठवतो."

आक्का गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोटो सुरक्षित आहेत, फक्त उठवणारी गेली आहे, असं मी हळूच सांगितलं. तरी तपासून घ्यायला म्हणून दोन्ही मोठ्या डिस्क टॉवेलात गुंडाळून काकांनी माझ्या मांडीवर दिल्या आणि स्कूटर शहरातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाकडे काढली. खड्डा आला की ते मागे वळून म्हणत, "धरलीयास न्हवं?" पुढचा खड्डा त्यामुळे हमखास लागे.

दुकानदाराने एक डिस्क आपल्या मशीनला लावली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "काका, रिकामी हाय ही. फॉरमॅट मारू?"

काकांना वाटलं औषधबिषध असेल. "मारा की, काय लागंल ते," ते म्हणाले.

"नाही!"

दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली, तेव्हा तो आवाज माझा होता हे मला कळलं. दुकानदाराचा हात माऊसवरच थांबला होता. मी म्हणाले, "रिकामी नाही. आमच्या डब्याची भाषा तुमच्या मशीनला वाचता येत नाही. आत पूर्ण गल्ली आहे, फॉरमॅट मारलं तर सगळी पुसली जाईल."

काकांनी स्वतः डिस्क सोडवून घेतली, टॉवेलात ठेवली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. मग दुकानदाराला म्हणाले, "आता ह्या पोरीच्या शब्दाबाहेर एक स्क्रू बी फिरवायचा न्हाय."

फोटोंच्या डिस्क चांगल्याच होत्या. आता शोधायची होती ती उठवणारी. पण म्हैस घेताना माणूस बघतो तसं बघितल्याशिवाय काका काही घेणार नव्हते. दुकानदाराने एक जुनी मोठी डिस्क फिरवून दाखवली. काकांनी उलटा हात लावून लगेच मागे घेतला. "हिच्यावर भाकरी भाजंल." मग लॅपटॉपची चिमुकली डिस्क. तिच्यावर हात ठेवताच त्यांचा चेहरा उजळला. "ही बघ! काय थंड हाय! हीच घ्यायची!"

"काका," मी म्हणाले, "तिला अजून वायर लावली नाहीये."

काकांनी हात काढून घेतला. "तरीच. काम न करणारं थंडच असतंय," ते म्हणाले, आणि वायर लावल्यावर ती कोमट झाली तेव्हा कुणीतरी शब्द मोडल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. पेनड्राइव्ह मीच नको म्हटला. तो बाहेर लोंबकळणार, आणि काकूंचा केरसुणीचा हात जोरकस.

मी काउंटरमधल्या कॅमेऱ्याच्या कार्डाकडे बोट दाखवलं. ते डिस्कच्या जागी लावायची छोटी पट्टी मिळत असे.

"ताई, ते फोटो काढायचं हाय," दुकानदार हसला. "त्याच्यावर मशीन कोण चालवतंय?"

मग मी आयुष्यातलं सर्वांत लांब मराठी भाषण केलं. यात काही फिरत नाही, म्हणून घासत नाही आणि तापत नाही. असं कार्ड सारखं लिहून झिजतं, म्हणून यावर एकदाच लिहायचं आणि पुढे फक्त वाचायचं. दिवसभराच्या बारीकसारीक नोंदी मशीनने तात्पुरत्या आठवणीत ठेवायच्या आणि विसरून जायच्या. दुकानदार हसायचा थांबला. काकांनी चालू कार्डावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "हाय का न्हाय तेच कळंना," ते म्हणाले. कुठल्याही यंत्राबद्दल त्यांच्या तोंडून इतकं चांगलं मी ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर मी कार्डावर सगळं नव्याने चढवलं आणि डबा उठला. पण काकांचं समाधान होईना. त्यांनी तो गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला, शेजारी थर्मामीटर लटकवला, स्वतःच्या डोक्यावर ओला पंचा टाकला आणि भर दुपारी त्याच्यासमोर खुर्ची मांडून बसले. मध्येच बंद करायचे, मध्येच चालू. काकू जिन्यातून मला म्हणाल्या, "डबा टिकंल गं. हे टिकतील का तेवढं बघ." डबा दर वेळी उठला. काकाही टिकले.

लग्नात आक्कांचे मालक मांडवात स्कूटरला टेकून हसत होते, फोटोच्या कोपऱ्यात पुराच्या पाण्याचा थोडा डाग तेवढा राहिला होता. नवरी त्यांच्या पाया पडली तेव्हा आक्का रडल्या नाहीत; पदर सारखा करून ताठ उभ्या राहिल्या. काका जेवणाच्या पंगतीत प्रत्येकाला सांगत होते, "कार्ड हिनं निवडलं. दुकानात सगळी बघत हुती, पण पोरगी मागं सरली न्हाय." समोरच्याला कसलं कार्ड ते कळत नव्हतं. बरेच जण ते लग्नपत्रिकेबद्दल समजून "लई झ्याक हाय" म्हणाले. मी मांडवाच्या खांबाआड उभी होते. तिथून सगळं नीट ऐकू येत होतं, म्हणून तिथेच उभी राहिले.

लेक सासरी गेल्यावर एका संध्याकाळी आक्का काकांकडे आल्या. मी तिथेच होते. "मालकांस्नी बघायला आलो," त्या म्हणाल्या. काकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. आक्का म्हणाल्या, "असं नको. आधी बंद कर. मग चालू कर."

चालत्या यंत्राला विनाकारण बंद करणं हे काकांच्या लेखी पाप. पण त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग बारीक पांढरी अक्षरं भराभर वर सरकली, क्षणभर थांबली, आणि काकांनी फोटो उघडला.

"उठलं," आक्का म्हणाल्या, आणि घरी गेल्या.

त्यानंतर त्या अधूनमधून येत राहिल्या. दर वेळी तसंच. काका बंद करायचे, चालू करायचे, आणि तो चेहरा येईपर्यंत दोघंही पडद्यावरची नजर हलवायची नाहीत.

आता मी बंगळूरला असते. डबा काकांच्या सोप्यात आहे आणि ते कार्डही अजून तेच आहे. गेल्या खेपेला मी विचारलं, "काका, कधी रीस्टार्ट केला होता?" काकांनी कोपऱ्यावरच्या आक्कांच्या घराकडे बघितलं. त्याला आता कुलूप असतं.

"चालूच असतोय गं," ते म्हणाले. "बंद कर म्हणणारं कोण राह्यलं न्हाय."