पट्टीसाहेबांच्या मशीनचा ताप

पट्टीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इमारतींचे नकाशे काढण्यात हयात गेली, खिशात सहा इंची पट्टी कायम, आणि कोणी नुसतं "भिंत तिरकी दिसते हो" म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं, "दिसते म्हणू नका. मोजा, मग बोला." त्यांचा आकड्यावर जेवढा विश्वास, तेवढा बायकोचा देवावर. त्यात संसार बरा चालला होता.

पन्नाशी उलटली आणि ऑफिसने नारळ दिला. घरी बसून त्यांनी बायकोचा जीव नुसता खाल्ला. शेवटी देवाला दया आली म्हणायची, ओळखीच्या आर्किटेक्टबाईंनी एका दवाखान्याची बारा चित्रं सांगितली, अगदी फोटोसारखी. ही पसंत पडली की पुढची सगळी कामं घरी येणार होती. त्यासाठी पट्टीसाहेबांनी सुटे भाग आणून जेवणाच्या टेबलावर स्वतः कॉम्प्युटर जोडला. जेवणं तेव्हापासून मांडीवर.

चित्रं शुक्रवारी सहाला द्यायची. गुरुवारपर्यंत साहेब कॉम्प्युटरवरच्या नकाशात खिडक्यांचे गज सारखे करत बसले. शुक्रवारी सकाळी त्याची फोटोसारखी चित्रं काढायला मशीन लावलं. एका चित्राला पाऊण तास, म्हणजे वेळेत बसत होतं. प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यांनी कुठून तरी उतरवून घेतला होता. तो उघडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकशे अठरा अंश!

"अगं, पाणी शंभरला उकळतं!" म्हणत त्यांनी मशीन बंद केलं.

मग पंखा काढला, प्रोसेसरवरची ताप ओढून घेणारी पेस्ट पुसली, नवी लावली, स्क्रू आवळले. एकशे अठरा. बंद. पेटीची बाजू उघडी टाकली, टेबलफॅन आणून लावला. एकशे अठरा. बंद. आकडा हलेना, तसतशी साहेबांची घाई वाढली. तिसऱ्यांदा पेस्ट लावताना ती शर्टाला, चष्म्याला, टेबलक्लॉथला लागली.

"अहो, दोन घास खाऊन घ्या."

"घास काय घेऊन बसलीस! प्रोसेसर जळला तर उद्यापासून मी कोण? नुसता घरात बसलेला माणूस!"

ती उठली. आत जाऊन तिने देवाला हात जोडले. देवाला प्रोसेसर कळतो का, असा विचार तिच्या मनात आलाच नाही. बाहेर येऊन तिने सहज विचारलं, "एवढा ताप, तर आपणहून बंद पडलं का हो एकदा तरी?"

"पडेल कसं? मी आधीच बंद करतो ना!"

हे बोलले आणि साहेब तसेच उभे राहिले. इतका ताप खरंच असता, तर मशीनने स्वतःच मान टाकली असती. ते तासभर बंदच होतं. मुद्दाम सुरू केलं. पहिल्याच क्षणी एकशे अठरा. थंडगार मशीनला इतका ताप? मग मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगचं पान उघडलं. तिथे त्रेचाळीस. प्रोग्रॅम जुना, बोर्ड नवा. बोर्डाच्या ज्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं, तिथला भलताच आकडा तो प्रोसेसरचा म्हणून दाखवत होता.

साहेबांनी मान वर केली. घड्याळात दोन वाजून गेले होते.

मशीन लावलं. ते मुकाट्याने, फारसं गरम न होता चित्रं काढत राहिलं, आणि साहेबांना तेच बघवत नव्हतं. चारला त्यांनी बाईंना फोन केला.

"रात्री बारापर्यंत वेळ द्या, मॅडम."

"दवाखान्याची माणसं सहाला येणार आहेत, साहेब. सकाळी तरी बोलायचं होतं."

"सकाळी वाटलं, होईल."

"झालीत तेवढी पाठवा."

सहाला पाच पाठवली. अर्ध्या तासाने फोन आला. चित्रं सुरेख होती, बाईंनी तसं सांगितलंही. पण उरलेली दुसऱ्याकडून घेणार होत्या, पुढचं कामही तिकडेच. "बघू, काही निघालं तर कळवते," म्हणाल्या. ऑफिसात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मशीन घरघरत होतं. सहावं चित्र अर्ध्यावर आलं होतं, दवाखान्याचा जिना.

"बंद करू का आता?" बायकोने विचारलं.

"नको."

"अहो, पण कोणासाठी?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यावरची पेस्ट पुसता पुसता आणखीच पसरली.

"हात नको लावूस," ते म्हणाले. "आज सकाळपासून मीच लावतोय."