व्हीबी गनची खाच

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार हवालदार बलवंत साळवे यांचे. ते पूर्णेचे, मी ताडकळसचा. ट्रेनिंग सेंटरमध्ये ते आमचे शस्त्रांचे उस्ताद होते. बी.ए.चा फॉर्म त्यांनीच माझ्याकडून भरून घेतला. घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो.

सेंटरच्या शस्त्रागारात एक जुनी लाइट मशीनगन होती. तिला व्हीबी म्हणत. मूळ आराखडा एका फ्रेंच अधिकाऱ्याचा, पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. पुढे ती आपल्या फौजेत आली. तिच्याच रचनेतून विमानावरची वेगवान गन निघाली. पण नाव झालं ते ब्रेनचं, म्हणजे आमच्या एलएमजीचं, आणि हिला लोक विसरले. रविवारी बाकीचे जवान बाजारात जात, तेव्हा उस्ताद मला ही गन खोलायला लावत.

"हे बघ, बोल्टचं मागचं टोक वर उचलतं आन् गनच्या छतातल्या खाचेत बसतं. बसलं तरच गोळी सुटंल. तुझ्या एलएमजीतबी हेच हाय. ही थोरली बहीण समजली की धाकटी समजती. आन् थंडीत खाच कोरडी ठेवायची. तेल दिसलं तर कान धरीन."

तीन वर्षांनी आमची पलटण उत्तरेत उंचावर गेली. पोस्टवर नऊ जण. मी लान्स नायक, एलएमजीचा नंबर वन, म्हणजे गन चालवणारा. नंबर टू सिपाही उत्तम जाधव, चारठाण्याचा. मॅगझिन बदलणं त्याचं काम. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ०६०० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे शस्त्रं घेऊन मोर्चावर; ०८०० ला शस्त्रांची सफाई. त्यानंतर दिवसभर समोर पांढरा डोंगर.

आम्हाला धूळ माहीत, बर्फ नाही. आमच्याकडे लोखंड अडलं की तेल सोडायचं. त्या सकाळी बोल्ट जड वाटला. मी तेलाची बाटली घेतली.

"आरं, तेल घालायलास का भजी तळायलास?" उत्तम म्हणाला.

"गप की. आमचं मळणीयंत्र असंच चालतंय."

"घाल मंग. तुझी गन, तुझी मळणी."

उस्तादांची ताकीद मला आठवली होती. तरी घातलं.

१४२० ला समोरून फायर आला. एक टोळी नाल्यातून वर चढत होती. वायरलेसवर आमच्या पोस्टला हुकूम आला, "अल्फा, नाले पर फायर. ओव्हर."

तीन गोळ्या सुटल्या आणि गन थांबली. खटका ओढून कॉक केली, मॅगझिन बदललं, पुन्हा कॉक केली. तेल गोठून डिंकासारखं झालं होतं. बोल्ट खाचेत बसत नव्हता.

"अल्फा, एलएमजी चुप क्यों है? ओव्हर."

"तू खोल. मी हाय," उत्तम म्हणाला. बसून नाला दिसत नव्हता. तो रायफल घेऊन दगडी आडोशामागे उभा राहिला.

मी पिन काढली, दस्ता मागे ओढला, बोल्ट बाहेर घेतला. मफलरने खाच पुसली. हातांना सगळं पाठ होतं. दोन मिनिटं लागली. गन चालली. टोळी मागे फिरली.

मी मॅगझिनसाठी हात पुढे केला. हातात काही आलं नाही. उत्तम आडोशाला टेकून बसला होता.

रिपोर्टमध्ये आलं : अतिथंडीमुळे शस्त्रात अडथळा, सिपाही उत्तम जाधव शहीद. तेलाचं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मला शाबासकीचं पत्र मिळालं.

आता मी ताडकळसला असतो. उस्ताद पूर्णेत पोरांची भरतीची तयारी करून घेतात आणि दर बॅचला माझी गोष्ट सांगतात : गोळीबारात दोन मिनिटांत गन खोलून चालू केली. बसने तासाभराचा रस्ता आहे. निवृत्त झाल्यापासून मी एकदाही गेलो नाही. मागच्या महिन्यात पत्र टाकलं.

"आदरणीय उस्ताद, जय हिंद.

गन थंडीने थांबली नव्हती. त्या सकाळी मी तिला तेल घातलं होतं. तुमची ताकीद आठवत असताना घातलं. उद्या चारठाण्याला जाऊन उत्तमच्या आईला हेच सांगणार आहे. त्या मला उंबऱ्यात उभं करतील की नाही, माहीत नाही.

माझी गोष्ट यापुढे सांगितलीत तर तेलापासून सांगा. ती दोन मिनिटं माझी नव्हती. त्या वेळी उभा होता तो सिपाही उत्तम जाधव, गाव चारठाणा, तालुका जिंतूर. पोरांना हे नाव पाठ करायला लावा.

तुमचा शिष्य."