भाईंची स्वस्तातली बर्फसहल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कोणी विषय काढलाच, तर घाईघाईने चहा मागवायचो. आता डॉक्टरांनी चहाच बंद केला आहे, तेव्हा सांगूनच टाकतो.

सफरचंद कापलं की भाई पहिली फोड सुरीच्या टोकावर धरून गिऱ्हाइकापुढे करत. फोड तोंडात गेली रे गेली की विचारत, "हिमाचलात गेल्यासारकं वाटलं का नाई?" नाही म्हणायची सोय नसे. तोंड भरलेलं असे.

अकोल्याच्या फळबाजारात त्यांचं ठोक विक्रीचं दुकान होतं. सगळा बाजार त्यांना भाई म्हणे. पेटीच्या वरच्या थरात निवडक फळ लावायचं आणि खाली दबलेला माल भरायचा, ही त्या बाजाराची चाल. भाई मात्र गिऱ्हाइकासमोर पेटी उलटी करून दाखवत. त्यांचं नाव होतं ते तेवढ्यावर. म्हणून त्यांची पेटी कोणी उघडूनही बघत नसे.

त्यांचे ट्रक संत्री घेऊन उत्तरेत जात आणि सफरचंदं घेऊन परत येत. त्यामुळे पहाडातल्या बागायतदारांशी त्यांचा घरोबा. एका हिवाळ्यात ते तिकडे राहून आले आणि त्यांना स्कीइंगचं वेड लागलं. वय पन्नाशीचं, अंग दोन माणसांचं. "पडलो तं बर्फाले लागते, मले नाई," असं सांगत.

आम्ही शाळेतले शिक्षक त्यांच्या दुकानात संध्याकाळी टेकत असू. मी भूगोलाचा. हे लक्षात ठेवा. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. आमच्या प्रत्येकाचं अर्धं घर शेतीत, पगार आला की त्यातला काही तेल्हाऱ्याला भावाकडे जायचा. गुलमर्गच्या सहलीची जाहिरात आम्ही फक्त चित्रांसाठी बघत होतो. भाईंनी ती माझ्या हातातून ओढली आणि तिच्यावरच फोडी ठेवून मला दिल्या.

"नावाच्या गावात कावून जाता? नावाचेच पैसे पडतात तिथं. बर्फावर गावाचं नाव लिवलेलं असते का?"

"मग कुठं जायचं?"

"ज्या गावचा सेब चांगला, तिथं थंडी पक्की. थंडी पक्की तं बर्फ पक्का. अन् हिवाळ्यात बागवाला रिकामाच असते. त्याच्याच घरी रायाचं, त्याच्याच चुलीवरचं खायाचं. त्याचा भाचा घसरणं शिकवते. हॉटेल पायजे कायले?"

शाळेत आधी सगळे हसले. मग एकेकाने हळूच नाव दिलं.

तालमीसाठी भाईंनी ओळखीच्या जिनिंगचं आवार मिळवलं. कापसातून निघालेल्या सरकीचा तिथे डोंगर होता. पेट्यांच्या फळ्या पायांना सुतळीने बांधून आम्ही वर चढलो. आमचे चित्रकलेचे शिक्षक हिवरखेडचे, बोलायला तिखट. ते पहिले निघाले आणि थेट कमरेपर्यंत सरकीत रुतले.

"गुडघे वाकवा, सर!" भाई खालून ओरडले. "नमाजले बसतेत तसे!"

"मी कवा बसलो बापा नमाजले?"

"मंग सत्यनारायणाले बसता तसे! पण वाकवा!"

कितीतरी दिवस माझ्या मोज्यांतून सरकी निघत होती.

भाईंनी फेब्रुवारी सांगितला होता. निरोप इकडचा तिकडे करायचं काम माझ्याकडे. मला वाटलं, फेब्रुवारीत इथेच सकाळी स्वेटर लागतो. थंडीतून उठून थंडीत जाण्यात कसली मजा? अकोलं तापावं, अंगातून धारा लागाव्यात आणि मग बर्फात उडी घ्यावी. शाळेत मी सांगितलं, भाई एप्रिल म्हणतात. भाईंना सांगितलं, शाळा एप्रिल म्हणते.

"सर, पहाडात बी उन्हाळा येते," भाई म्हणाले.

"भाई, भूगोल मी शिकवतो."

एप्रिलात आम्ही तिथे पोचलो, तेव्हा सफरचंदाची झाडं फुलांनी लदली होती. खाली गवत, गवतात चिखल, चिखलात आमचे नवे बूट. बर्फ होता, नाही असं नाही. गोठ्यामागच्या सावलीत, सतरंजीएवढा, काळपट. बागवाला बिचारा हात जोडून उभा.

"कोनं ठरवला हा एप्रिल?" चित्रकलेवाले कडाडले.

सगळ्यांनी भाईंकडे पाहिलं. भाईंनी माझ्याकडे. मी फुलांकडे असं निरखून पाहू लागलो, जणू मोहोर तपासायलाच सरकारने मला पाठवलं होतं.

"मीनं," भाई म्हणाले. "मले वाटलं रायते थोडासाक. चुकलो."

मग त्यांनी पायाला स्कीच्या पट्ट्या बांधल्या आणि त्या सतरंजीएवढ्या बर्फावरून घसरून थेट शेणात बसले. सगळे पोट धरून हसले. मी सगळ्यात मोठ्याने.

परतताना मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "असं का सांगितलंत?"

"भूगोलाच्या मास्तरले बर्फ कवा वितळते तेच मालूम नाई, असं पोट्टे म्हनले असते. वर्गात उभं रायाचं हाये ना तुमाले? मले काय, फळं विकायची."

पण फळंच तर विकायची होती. शाळेतून ही गोष्ट बाजारात पोचली. "काहो भाई, वरून बर्फ अन् खालून चिखल का?" असं लोक विचारत. भाई स्वतःच आधी हसत. मात्र हातगाडीवाले आता त्यांच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून खालचं फळ चाचपू लागले. एकदा ते माझ्यासमोर झालं. भाईंनी तेवढ्या वेळापुरती मान फिरवली. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा सहल काढली, तर एकानेही नाव दिलं नाही. मीही नाही.

पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. मी घरी भेटायला गेलो. भाभी होत्या, बाजारातले दोन व्यापारी बसले होते.

"हे आमचे सर," भाई ओठ सावरत म्हणाले. "यायच्यासंगं बर्फात गेलतो."

"तोच का तुमचा बिनबर्फाचा पहाड?" एक व्यापारी हसला.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. घाई नव्हती त्या पाहण्यात. वाक्य मी रिक्षात घोकून आलो होतो.

"यंदा ऊन फार आहे, भाई," मी म्हणालो.

"असनच," ते म्हणाले, आणि डोळा मिचकावला. "एप्रिल हाये ना."

पावसाळ्याआधी ते गेले. माझं वाक्य काही फार लांब नव्हतं. भाई, एप्रिल मी ठरवला होता, तुम्ही नाही. मला माफ करा.