वासाचे रुमाल

अण्णा जगात नाकाने वावरत. पनवेलच्या बाजारात त्यांचं रुमालांचं दुकान होतं आणि त्यावरच्या माडीवर मी, मुलींच्या शाळेतली मास्तरीण, भाड्याने राहत होते. रुमाल म्हणजे खिशातले नव्हेत. कोळ्यांनी डोक्याला नाहीतर कमरेला बांधायचे, लाल-काळ्या चौकटींचे. ते येत अण्णांच्या गावाहून, आंध्रातल्या चिराल्याहून. तिथे सूत आधी तेलात आणि एरंडाच्या राखेत कित्येक दिवस मुरवत, मग रंगवत, मग विणत. त्यामुळे रंग पक्का बसे आणि वास त्याहून पक्का.

तो वास फळ्यांच्या फटींतून वर येई आणि माझ्या साड्यांत मुक्काम ठोके. वर्गात माझ्याआधी तोच शिरे. पोरी मला पाठीमागे 'तेलिया बाई' म्हणत. तक्रार केली की अण्णा दुखावत. "वास नको म्हणते तुम्ही? वास हाच माझा पाटी आहे, बाई!" गिऱ्हाइकाने हुंगल्याशिवाय ते रुमाल विकतच नसत.

एकदा पंचवीस जानेवारीला मोरा बंदरावरची एक कोळीण दुकानावर चालून आली. धक्क्यावर कुणा फेरीवाल्याने अण्णांचं नाव सांगून तिला रुमाल विकला होता. "माज्या पोराचा पांढरा सदरा लाल झाला, भर मांडवात! आता मोऱ्याला तुमचा रुमाल कोन घेनार नाय!"

अण्णांचा चेहरा पडला. निम्मी गिऱ्हाइकं मोऱ्याचीच; मोरा गेलं की दुकान गेलंच. त्यांनी तो रुमाल हुंगला. "हे वरून चोळलेला तेल. माझा तेल सुताच्या पोटात असते."

"नाक तुमचा, दुकान तुमचा, मंग न्याय बी तुमीच करनार?"

बाजार हसला. अण्णांनी वर पाहिलं. कठड्यावर माझी पांढरी साडी वाळत होती. दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाची, एकुलती एक.

"बाई, साडी टाका खाली."

मला काय झालं कोण जाणे, मी टाकली. अण्णांनी कोरा रुमाल तिच्यात गुंडाळून सोड्याच्या उकळत्या पाण्यात सोडला. अख्खा बाजार घमेल्याभोवती जमला आणि मी वर रामरक्षा म्हणत बसले. साडी निघाली ती जशीच्या तशी पांढरी. कोळणीने गालावर बोट ठेवलं आणि चार रुमाल घेतले, चारही हुंगून.

दुसऱ्या दिवशी झेंड्याखाली माझ्या शेजारी उभे असलेले पाहुणे सारखे विचारत होते, "इथे कंदील सांडलाय का?" आणि आठवड्याने कोळणीने माफी म्हणून टोपलीभर सुकट पाठवली, तेव्हा शाकाहारी अण्णा नाक दाबून माडीवर आले. "घ्या बाई. माणसं असल्या वासात राहते कशी?"

पुढे गिरणीचे स्वस्त रुमाल आले, मोऱ्याची गिऱ्हाइकं हळूहळू आटली. अण्णांनी दुकान आवरलं. टांग्यात बसताना म्हणाले, "सुटली तुमची साड्या." मी हसले.

महिना-दोन महिन्यांनी पहिल्या बाकावरची एक पोर म्हणाली, "बाई, आता तुमचा वास नाय येत."

मी फळ्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ तारीखच लिहीत राहिले.